साप्ताहिकी

पुढच्या आठवड्यात टीव्हीवर काय काय लागणार हे सांगणारा ‘साप्ताहिकी’ हा कार्यक्रम आम्ही काही वर्षं नेमानं ऐकला. पाहिला मात्र नाही.

वाड्यात टीव्ही एकच होता, मालकांकडे, पहिल्या मजल्यावर. लाकडी शटरचा. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र झालं तेव्हा ते पुण्यात दिसू लागलं. त्यामुळे पेठेतल्या तमाम अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभ्या असायच्या. पुणेकरांचं एकाच दिशेला तोंड झाल्याचा तो बहुधा शेवटचा प्रसंग. वाऱ्यानं अँटेना हलली की मालकांचा मुलगा कौलांवर चढायचा आणि खालून ओरडा सुरू व्हायचा, “आलं, आलं... गेलं!” गड तिथेच असायचा, चित्र जायचं.

मालकीणकाकू कधी कुणाला नको म्हणाल्या नाहीत. पण आमच्या आईचा नियम होता, आठवड्यातून दोनदाच जायचं. “रोज उठून लोकांच्या घरात बसायचं म्हणजे काय? त्यांनी जेवायचं कधी?” काकूंच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजावरून आज आपण जड झालोय की नाही हे तिला कळतं, असं ती म्हणायची. मला अजूनही ती विद्या आलेली नाही.

दोनच फेऱ्या म्हटल्यावर आठवड्यात काय काय आहे हे आधी कळायला हवं. ते साप्ताहिकीत कळणार. पण साप्ताहिकी बघायला वर गेलो तर एक फेरी तिच्यातच गेली! हा पेच ताईनं सोडवला. जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर बसलं की मालकांच्या टीव्हीचा आवाज स्वच्छ ऐकू यायचा. ऐकणं म्हणजे काही जाणं नव्हे, हे आईलाही मान्य करावं लागलं. मी, ताई, एक पेन्सिल आणि दूधवाल्याचा हिशेब लिहायचं कॅलेंडर, अशी आमची बैठक जिन्यावर बसे.

निवेदिकेचा आवाज शांत होता, घाई नावाला नाही. वार, वेळ, कार्यक्रम, मध्येच एखाद्या कार्यक्रमाची झलक. झलक म्हणजे आमच्यासाठी नुसता आवाज. ‘आमची माती आमची माणसं’ची झलक आली की बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजायची. नृत्याच्या कार्यक्रमात तबला आणि मग बराच वेळ काहीच नाही. ती बाई तेवढ्या वेळात काय करत असेल यावर आमचे मतभेद व्हायचे. ‘गजरा’तल्या प्रहसनाचा तुकडा लागला की आतली मंडळी हसायची, आणि ज्यावर हसले ते आम्हाला दिसायचंच नाही. तरी आम्हीही हसून घ्यायचो. मी आजवर पाहिलेली सगळ्यात विनोदी दृश्यं ही त्या जिन्यावर न पाहिलेली आहेत.

मग घरी येऊन वाटाघाटी. आम्ही पाच जण आणि जागा दोन. ताईला गुरुवारचं ‘छायागीत’ हवं, आजीला शनिवारचा मराठी चित्रपट, मला ‘गजरा’. बाबांना ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, निदान ते तसं म्हणायचे. आईला काहीच नको असायचं, म्हणून निकाल तिच्या हातात. रविवारच्या हिंदी चित्रपटाचं नाव साप्ताहिकीत कळलं की आधीच ठरलेल्या युत्या फुटायच्या. दिल्लीतलं जनता सरकार तेव्हा अडीच वर्षंही टिकलं नाही. आमच्या घरात दर आठवड्याला नवं सरकार यायचं.

बाबांनी एक पळवाट काढली होती. साडेसातच्या बातम्या मोजायच्या नाहीत. बातम्या म्हणजे ज्ञान, ज्ञानाला कसली मर्यादा? आई गप्प बसली. मग बाबा रोज ज्ञान घ्यायला वर जाऊ लागले. प्रदीप भिडे बातम्या द्यायचे त्या दिवशी तर काकांच्या शेजारची खुर्ची त्यांचीच. आणि बातम्या संपल्यावर लगेच उठणं बरं दिसत नाही, म्हणून ते पुढचा कार्यक्रमही शिष्टाचारापोटी बघायचे.

कॅलेंडरवर लिहिलेलं सगळं व्हायचंच असं नाही. कधी ‘व्यत्यय’ची पाटी लागायची. कधी वीजच जायची. कधी कुणी मोठा नेता गेला की जाहीर झालेलं सगळं रद्द होऊन नुसती सारंगी. सारंगीवर माझा राग आहे तो तेव्हापासून; त्यात सारंगीचा काही दोष नाही. आम्ही हात हलवत खाली आलो की आई म्हणायची, “फेरी झाली ती झाली.” कॅलेंडरवर त्या दिवशी फुली पडायची. व्यत्ययाबद्दल दूरदर्शन निदान क्षमस्व तरी म्हणायचं.

आमच्याकडे टीव्ही आला तोवर एशियाड होऊन गेलं होतं, मालकांनी रंगीत घेतला होता आणि आम्ही त्यांचाच जुना कृष्णधवल घेतला. शटर किंचित अडकायचं. त्यावर पहिल्यांदा साप्ताहिकी लागली तेव्हा मी अगदी समोर बसलो. निवेदिका टेबलाशी बसली होती, बाजूला फुलदाणी, पुढ्यात कागद. मधूनच कागदाकडे बघत होती! मला वाटलं होतं तिला सगळं पाठ असतं. शिवाय ती थेट माझ्याकडे बघून बोलत होती, त्यानं अवघडल्यासारखं झालं. इतकी वर्षं आपण दाराआडून जिचं ऐकलं, तिनं आपल्याला पकडलं, असं काहीतरी. ताईला विचारलं तर ती म्हणाली, “साडी बरी आहे.”

दोनाचार महिन्यांत कॅलेंडरवर फक्त दूध उरलं. आता सगळंच बघायला मिळणार होतं, तेव्हा काय बघायचं हे आधी कोण कशाला ऐकेल? साप्ताहिकी लागली की आई कुकर लावायला उठायची, आम्ही पाणी प्यायला. ज्या कार्यक्रमासाठी जिन्यावर डास खाल्ले तो आमच्याच घरात रिकाम्या खोलीला आठवडा वाचून दाखवायचा.

मुंबई केंद्राच्या वाहिनीला पुढे ‘सह्याद्री’ हे नाव मिळालं, ती अजून चालू आहे. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. मागच्या महिन्यात तिच्याकडे नवा टीव्ही बसवला, त्यात नाटकं, कीर्तनं, जुन्या मुलाखती सगळं शोधायचं कसं ते तासभर दाखवलं. तिनं चष्मा पुसून नीट ऐकून घेतलं. मग विचारलं,

“पण हे लागतं कधी?”

“कधीही, आई. तू म्हणशील तेव्हा.”

“हो, पण किती वाजता?”

मी परत सगळं समजावलं. तिनं मान डोलावली, उठली, आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवलं, पेन्सिलीसकट.

“दोनच सांग,” ती म्हणाली. “बरेसे.”