आठही दिवे हिरवे

"केबल तपासून झाली आहे, तिच्यात काहीही दोष नाही, तुम्ही फक्त लॅपटॉप बघा," असे सदाशिव पेठेतल्या त्या काकांनी मला फोनवरच बजावले होते. घरगुती संगणक आणि नेटवर्कची दुरुस्ती हा माझा व्यवसाय असल्याने ग्राहकाने निदान आधीच करून ठेवलेले असणे मला नवे नाही. पुण्यात तर ते गृहीतच धरावे लागते.

इमारत जुनी होती आणि भिंती दीड फूट जाडीच्या होत्या. राउटर रस्त्याकडच्या खोलीत, तर काकांच्या पुतण्याचा प्लेस्टेशन ४ हा गेम खेळायचा कन्सोल अगदी आतल्या खोलीत होता. हा कन्सोल २०१३ च्या मूळ मॉडेलपैकी असल्याने त्याचे वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते, आणि पेठेतल्या दाट वस्तीत त्या पट्ट्यावर शेजारपाजारच्या सगळ्या राउटरची गर्दी असते. राउटरपासून थेट केबल ओढावी, तर बाहेरच्या खोलीला नुकताच रंग दिलेला होता आणि काकू तिथे एक खिळाही ठोकू देत नव्हत्या. म्हणून पुतण्याने निराळी युक्ती केली होती. मधल्या खोलीतल्या लॅपटॉपने वायफायवरून इंटरनेट घ्यायचे आणि विंडोज १० मधल्या इंटरनेट कनेक्शन शेअरिंगच्या सोयीने ते लॅन केबलवाटे कन्सोलला पुरवायचे. युक्ती चांगली होती, चालतही होती, पण लहरीप्रमाणे. कधी मोठा गेम उतरवताना मध्येच सगळे ठप्प होई, कधी कन्सोलला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा ओळखक्रमांकच, मिळत नसे. शेअरिंगची खूण काढून पुन्हा लावली, केबल काढून परत खोचली, की काही वेळ सुरळीत चाले. त्यामुळे दोष लॅपटॉपचा, असे घरात सर्वानुमते ठरले होते.

मध्यंतरी कुणीतरी त्यांना सांगितले होते की दोन उपकरणे थेट जोडायची तर क्रॉसओव्हर केबल लागते. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या जमान्यात हा सल्ला रास्त होता. तेव्हा एका टोकाच्या १ आणि २ क्रमांकाच्या पिना दुसऱ्या टोकाच्या ३ आणि ६ शी जोडाव्या लागत. त्याच्या दहापट वेगाचे गिगाबिट पोर्ट मात्र ही अदलाबदल स्वतःच ओळखून करतात, आणि इथे लॅपटॉप व कन्सोल या दोन्हींचे पोर्ट गिगाबिटच होते. पण त्या सल्ल्यापायी केबलची दोन्ही टोके कापली गेली. क्रॉसओव्हरने फरक पडत नाही असे दिसल्यावर वायरमनने पुन्हा साधे कनेक्टर बसवले, टेस्टर लावला, आणि एक ते आठ हे सगळे दिवे ओळीने हिरवे लागलेले काकांना दाखवले. केबल निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र ते हे.

मी कन्सोल उचलून लॅपटॉपशेजारी आणला आणि माझ्या पिशवीतली कारखान्यात तयार झालेली दोन मीटरची केबल लावली. पत्ता मिळाला आणि अडकलेला गेम भराभर उतरू लागला. याचा अर्थ दोन्ही पोर्ट ठीक होते. एव्हाना काकूंनी चहा आणला. चहाबरोबर काकांनी महापालिकेच्या रस्तेखोदाईवरचे आपले मतही सविस्तर ऐकवले. तेवढ्यात पुतण्याने उत्साहाच्या भरात लॅपटॉप एकदा रीस्टार्ट केला आणि म्हणाला, "दादा, परत गेलं." माझी खात्रीची केबल लावलेली असतानाही कन्सोलला पत्ता मिळत नव्हता. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की बोलायची गरजच उरली नाही.

कन्सोलच्या जागी मी माझा लॅपटॉप जोडला. त्याच्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसत होता. पत्ता वाटणारे कुणी उत्तरच देत नसेल, तर विंडोज असा पत्ता आपला आपणच घेते. शेअरिंग चालू असते तेव्हा यजमान लॅपटॉप स्वतः १९२.१६८.१३७.१ हा पत्ता धारण करतो आणि पुढच्या उपकरणाला त्याच मालिकेतला पत्ता देतो. इथे खूण लावलेली दिसत होती, पण तिच्यामागची सेवा बंद पडली होती. विंडोज १० मध्ये ही सेवा चार मिनिटे काही वाहतूक झाली नाही तर थांबते आणि रीस्टार्टनंतर आपोआप उठत नाही. मायक्रोसॉफ्टनेच त्यावर उपाय दिलेला आहे: रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, 'एनेबल रीबूट पर्सिस्ट कनेक्शन' नावाची नोंद करून तिची किंमत १ ठेवायची आणि सेवेचा प्रारंभ स्वयंचलित करायचा. मी ते केले, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, आणि पत्ता मिळाला.

काकांचे म्हणणे निम्मे खरे ठरले होते आणि त्यांना तेवढ्यावरच काम संपवायचे होते. पण पत्ता न मिळणे आणि उतरवताना मध्येच ठप्प होणे ही लक्षणे वेगळी होती. खूण काढून लावल्याने सेवा नव्याने सुरू होई आणि केबल काढून खोचल्याने दोन्ही पोर्ट एकमेकांशी नव्याने वेग ठरवत. पुतण्या प्रत्येक वेळी दोन्ही गोष्टी एकदमच करत असल्याने कोणत्या उपायाने काय बरे झाले हे कळायला मार्गच नव्हता.

मग मी आतल्या खोलीपर्यंत जाणाऱ्या त्यांच्या लांब केबलच्या दोन टोकांना दोन लॅपटॉप जोडले आणि एक मोठी फाइल पाठवली. वेग १ गिगाबिट ठरला होता, पण फाइल रडतखडत चालली होती आणि 'नेटस्टॅट' आज्ञेत त्रुटींचा आकडा प्रत्येक वेळी वाढलेला दिसत होता. दोन्ही बाजूंना वेग १०० मेगाबिटवर बांधला, तेव्हा आकडा थांबला.

कनेक्टर पारदर्शक असतो. बॅटरीच्या उजेडात धरल्यावर आतल्या तारा स्पष्ट दिसल्या: सफेद-नारिंगी, नारिंगी, सफेद-हिरवी, हिरवी, सफेद-निळी, निळी, सफेद-तपकिरी, तपकिरी. दिसायला किती नीटनेटके! दुसऱ्या टोकाला अगदी हाच क्रम होता, म्हणून टेस्टरचे दिवे ओळीने लागत होते. प्रचलित क्रमात मात्र हिरवी जोडी फोडून ३ आणि ६ वर बसवतात आणि मधल्या ४ व ५ वर निळी जोडी येते, कारण पोर्ट ३ आणि ६ ला एक जोडी मानतो. केबलमधली प्रत्येक जोडी पिळलेली असते, ती आपल्या संदेशाचा उपद्रव दुसऱ्या जोडीला होऊ नये म्हणून. इथे ३ वर हिरव्या जोडीतली तार होती आणि ६ वर निळ्या जोडीतली, म्हणजे पिळाचा उपयोग शून्य. १०० मेगाबिटला १-२ आणि ३-६ या दोनच जोड्या लागतात, त्यामुळे मध्यम अंतरावर तेवढे निभावून जाते. गिगाबिट चारही जोड्या वापरते आणि मग ३-६ व ४-५ एकमेकांवर बोलू लागतात. टेस्टर फक्त तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचते की नाही एवढेच सांगतो, कोण कुणाशी पिळले आहे हे त्याला दिसत नाही.

दोन्ही टोके कापली, तारांचे रंग प्रचलित क्रमाने लावून घेतले, पीळ कनेक्टरच्या तोंडापर्यंत राहील याची काळजी घेतली आणि नवे कनेक्टर क्रिम्प केले, म्हणजे दाबून पक्के बसवले. तीच फाइल पुन्हा पाठवली. त्रुटींचा आकडा जिथल्या तिथे राहिला. कन्सोल जागेवर नेऊन ठेवला आणि गेम उतरवायला लावला. आवाजी गप्पांसाठी एनएटीची, म्हणजे एका पत्त्यामागे अनेक उपकरणे चालवणाऱ्या सोयीची, अडचण होती, ती राहिली, कारण मध्ये राउटर आणि लॅपटॉप असे दोन पहारेकरी आहेत. ती सुटणे काकूंच्या खिळ्यावर अवलंबून आहे.

काकांनी वायरमनला तिथूनच फोन लावून माझ्या हाती दिला. त्याने माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "साहेब, मी सीसीटीव्हीच्या सगळ्या केबली अशाच मारतो, आजवर एकाचीही तक्रार नाही, ते कसं?" मी त्याला सांगितले की ते कॅमेरे १०० मेगाबिटवर चालतात. क्षणभर थांबून तो म्हणाला, "रंगांचा फोटो टाका की मग."