ब्रोकोलीचा गड्डा कापला तरी झाड राहू द्या

मधला मोठा गड्डा काढला की बरेच जण ब्रोकोलीचं झाड उपटून टाकतात आणि मला खरंच हळहळ वाटते, कारण झाडाचं काम अजून संपलेलंच नसतं! शेंडा गेला की पानांच्या बेचक्यातून फुटवे यायला लागतात आणि प्रत्येकावर छोटा तुरा धरतो, हवा गार असली तर कित्येक आठवडे काढत राहायचं. मला तर मोठ्या गड्ड्यापेक्षा हे तुरेच जास्त आवडतात, देठ इतके कोवळे की सोलायची गरजच नाही.

पण त्यासाठी पहिला गड्डा वेळेत निघाला पाहिजे. गड्डा म्हणजे न उमललेल्या कळ्याच, त्यामुळे रोज जवळून बघा, टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, कडेच्या कळ्या फुगून मधे फट दिसायला लागली की त्याच दिवशी कापा, गड्डा लहान का असेना. पिवळं दिसलं म्हणजे फूल उमललं. खाली १० ते १५ सेंमी देठ घेऊन तिरका काप द्यायचा म्हणजे खोडावर पाणी साचून ते सडत नाही, आणि मग थोडं शेणखत आणि नियमित पाणी.

सुरुवातीचं थोडक्यात सांगते. रोप ४ ते ६ आठवड्यांचं झालं की लावून टाका, ट्रेमधे जास्त दिवस अडकलेल्या रोपाला बटणाएवढाच गड्डा येतो. दोन रोपांत ४५ सेंमी अंतर, कुंडी असेल तर १२ इंची आणि त्यात एकच रोप. १५ ते २० अंश तापमान सगळ्यात छान, ऊन तापायला लागलं की गड्डा सैल पडतो.

आणि ती पांढरी फुलपाखरं! पानामागे अंडी घालतात. अळीचा रंग पानाशी इतका जुळतो की मधल्या शिरेलगत बसली तर दिसतच नाही, खाली काळपट हिरवी विष्ठा दिसली की पान उलटून बघायचं. लावल्या दिवसापासून बारीक जाळी टाकणं हा माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय, ब्रोकोलीला गड्डा धरायला परागीभवन लागत नाही त्यामुळे जाळी शेवटपर्यंत ठेवली तरी चालते. तरी तुऱ्यात एखादी लपतेच, म्हणून शिजवायच्या आधी थोडा वेळ मिठाच्या पाण्यात उलटे बुडवून ठेवा, असतील त्या बाहेर येतात.