जामीन झाला, पण जामीनदार कुठनं आणायचा?

सोलापुरात कुठं घरफोडी झाली की व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकणारच, "सेटलमेंटला बघा जाऊन, मिळंल." (सेटलमेंट म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जातींची इथली जुनी वसाहत.) खाली चार हसायचे इमोजी. लिहिणारा माणूस वाईट नसतो, पण हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतच नाही.

नवीन पोरांसाठी थोडक्यात सांगतो. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, पुढं तो आपल्याकडं पण लागू झाला. पारधी, कैकाडी, टकारी, भामटा असल्या जातीत जन्मलात की झालात गुन्हेगार, काही करायची गरजच नाही. मग तारेच्या कुंपणाच्या वसाहती, रोजची हजेरी, बाहेर जायला पास. सोलापूरची वसाहत त्यातली मोठी, आणि इथल्या गिरण्यांना कामगार लागतच होते, त्यामुळं तेही जमून गेलं. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला, पण लगेच सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांच्या रजिस्टरमध्ये तीच आडनावं राहिली.

आता आजचं बघा. समजा तिथला एखादा पोरगा संशयावरनं उचलला. साधी चोरी, जास्तीत जास्त 3 वर्षांची शिक्षा. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करू नका, आधी नोटीस द्या, असं सुप्रीम कोर्टानं 2014 लाच अर्नेश कुमार केसमध्ये सांगितलंय. पण नोटीस मिळते ती तुम्हाआम्हाला. याला पीसीआर (पोलीस कोठडी), मग एमसीआर (न्यायालयीन कोठडी), आणि रवानगी जेलमध्ये.

नवीन बीएनएसएसमध्ये (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 479 आहे आणि ते खरंच चांगलं आहे. आधी कधी शिक्षा झाली नसंल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की बाँडवर सोडायचं, आणि त्यासाठी कोर्टात अर्ज जेल अधीक्षकानंच करायचा (जन्मठेप किंवा फाशीचा गुन्हा असंल तर हे लागू नाही). ऑगस्ट 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं हे जुन्या केसेसलाही लागू केलं. म्हणजे आपल्या पोराला वर्षभरात सुटायला पाहिजे. पण त्याच कलमाचं दुसरं पोटकलम वाचा, एकापेक्षा जास्त केसेस पेंडिंग असतील तर ही सवलत नाही! आणि एकदा हातात आलेल्या माणसाच्या नावावर उलगडा न झालेल्या दोन-चार चोऱ्या चढवतात ही तक्रार या वस्त्यांमधनं किती वर्षं ऐकू येतेय. म्हणजे ज्यांना या कलमाची सगळ्यात जास्त गरज तेच बाहेर. हे पोटकलम बदललं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, निदान त्या केसेस कधी आणि कशाच्या जोरावर लागल्या ते जजनं बघावं एवढी तरी मुभा ठेवा.

बरं, नेहमीचा जामीन झाला तरी सुटका होतेच असं नाही. पंधरा-वीस हजाराचा लायक जामीनदार आणा म्हणतात, म्हणजे ज्याच्या नावावर घर नाहीतर जमीन आहे, उतारा आहे, घरपट्टीची पावती आहे असा माणूस. आई धुणीभांडी करणारी, घर भाड्याचं, आणि सगळे पाहुणे पण तसलेच, आता कोण उभं राहणार? मग ऑर्डर हातात आणि पोरगा आत. एनसीआरबीच्या (गुन्ह्यांची आणि जेलची आकडेवारी ठेवणारं केंद्राचं खातं) 2022 च्या आकडेवारीत देशातल्या जेलमधले 75 टक्क्यांहून जास्त लोक कच्चे कैदी होते, शिक्षा न झालेले, आणि जेलं 131 टक्के भरलेली.

स्वातंत्र्यलढ्यातल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली, त्याचा आपल्या शहराला अभिमान आहे आणि असायलाच पाहिजे. पण जेल म्हटलं की आपल्याला तेवढंच आठवतं, आज आत कोण बसलंय हे कुणी विचारत नाही.

पत्रकार सुकन्या शांता यांच्या केसचा 3 ऑक्टोबर 2024 चा निकाल सोलापूरकरांनी तरी वाचायला पाहिजे होता. जेल मॅन्युअलमध्ये जातीवरनं कामं वाटायचे नियम होते, विमुक्त जातींना (म्हणजे गुन्हेगार जमाती कायद्यातनं सुटलेल्या याच जातींना) सरसकट सराईत धरायची भाषा होती, ती सगळी सुप्रीम कोर्टानं घटनाबाह्य ठरवली. कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा कॉलम काढा म्हणून सांगितलं आणि या लोकांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांनाही बजावलं. आपल्याकडं यावर चर्चा? शून्य.

ज्यांच्या घरातलं कुणी असं अडकलंय त्यांनी एक करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्या. कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जामिनाची ऑर्डर होऊन महिना गेला आणि जामीनदार मिळाला नाही तर अट शिथिल करायचा विचार कोर्टानं स्वतःहून करावा असं जानेवारी 2023 चं सुप्रीम कोर्टाचं सांगणं आहे, वकिलाला त्याची आठवण करून द्या, लाजू नका. आणि त्याच वर्षी केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजना आली, त्यात जामिनासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत (2023 मध्ये ती 40 हजार होती) रक्कम सरकार भरू शकतं. एनडीपीएस (अमली पदार्थ), यूएपीए (दहशतवाद) असल्या केसेसना ती नाही, चोरीच्या केसला मागता येते. अर्जाची पोच मात्र घ्याच, शिक्का मारून.