एकाच अंगणात निळी पाटी आणि नारिंगीही

कॅनडातल्या कॅलगरीत निवडणूक आली की घरांपुढच्या हिरवळीवर पाट्या लागतात. तारेच्या दोन पायांवर रोवलेल्या, गुडघाभर उंचीच्या. निळी उजव्या कॉन्झर्व्हेटिव्हांची, लाल मध्यममार्गी लिबरलांची, नारिंगी एनडीपीची, म्हणजे डाव्या न्यू डेमोक्रॅटिक पार्टीची. भोंगे नाहीत, भिंती रंगवणं नाही. कोण कुणाचा, ते अंगणात वाचायचं. आमच्या गल्लीतल्या एका घरापुढे प्रांताच्या निवडणुकीत नारिंगी पाटी असते आणि केंद्राच्या निवडणुकीत निळी. तिथल्या आजोबांना यात काहीच वावगं वाटत नाही. शाळा-दवाखाने प्रांताच्या हाती, तिथे एनडीपी हवी. राजधानी ओटावात तेलधंद्याची बाजू मांडायला मात्र कॉन्झर्व्हेटिव्ह, असा त्यांचा सरळ हिशोब.

असे आजोबा एकटे नाहीत. मे २०१५ मध्ये आमच्या प्रांतानं, आल्बर्टानं, ४४ वर्षांची कॉन्झर्व्हेटिव्ह सत्ता उलथवून ८७ पैकी ५४ जागा एनडीपीला दिल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राची निवडणूक झाली, तेव्हा आल्बर्टाच्या ३४ पैकी २९ जागा कॉन्झर्व्हेटिव्हांना आणि एनडीपीला फक्त १. मेमध्ये उजवी मतं दोन पक्षांत फुटली होती हे खरं, पण तेवढ्यानं एवढी तफावत पडत नाही.

आपल्याकडे मुंबईतला काँग्रेसवाला आणि दिल्लीतला काँग्रेसवाला एकाच पक्षाचा, आणि उमेदवारांची यादी दिल्लीहून येते. इथे प्रांतातला पक्ष आणि केंद्रातला पक्ष बहुतेक वेळा वेगळ्या संस्था असतात. सदस्यत्व वेगळं, तिजोरी वेगळी, नेता वेगळा. ब्रिटिश कोलंबियात लिबरल नावाचा प्रांतिक पक्ष २००१ ते २०१७ सत्तेत होता, उजवीकडे झुकलेला, आणि केंद्रातल्या लिबरलांशी त्याचं संघटनेचं नातं नव्हतं.

या मोकळीकीतून काय उभं राहू शकतं, ते शेजारच्या सास्काचेवानमध्ये दिसलं. १९३०च्या दशकात गव्हाचे भाव कोसळले, वर दुष्काळ. १९३२ साली इथेच, कॅलगरीत, शेतकरी आणि कामगार संघटनांनी मिळून सीसीएफ हा डावा पक्ष काढला. ओटावात त्याला सत्ता कधीच मिळाली नाही. पण १९४४ मध्ये सास्काचेवान त्याच्या हाती आलं, टॉमी डग्लस मुख्यमंत्री झाले, आणि १९४७ पासून प्रांतात सरकारी रुग्णालय विमा सुरू झाला. १९६२ मध्ये डॉक्टरांची फीही सरकारनं भरायची ठरवली, तेव्हा डॉक्टर संपावर गेले. सरकार बधलं नाही. योजना चालते हे सगळ्या देशानं पाहिलं आणि १९६६ साली केंद्रातल्या लिबरल सरकारनं तिचा देशभरासाठी कायदा केला. दरम्यान १९६१ मध्ये सीसीएफचीच एनडीपी झाली होती. आज मी डॉक्टरकडे नुसतं कार्ड दाखवून, बिल न भरता बाहेर पडते, ती एका प्रांतात वाढलेल्या छोट्या पक्षाची कमाई आहे. मला हे फार मोलाचं वाटतं.

याच व्यवस्थेत पक्षाचा बाजारही उठतो. पंतप्रधान मलरोनींच्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हांनी, म्हणजे तेव्हाच्या केंद्रातल्या कॉन्झर्व्हेटिव्हांनी, पश्चिमेकडचे प्रांत आणि फ्रेंचभाषक क्युबेक यांची मोट बांधून १९८८ मध्ये १६९ जागा जिंकल्या. पण विमानदुरुस्तीचं कंत्राट पश्चिमेतल्या विनिपेगऐवजी क्युबेकातल्या मॉन्ट्रियलला गेल्यानं पश्चिम आधीच चिडलेली होती, आणि क्युबेकला वेगळं स्थान मान्य करणारा 'मीच लेक' नावाचा करार १९९० मध्ये बारगळल्यावर क्युबेकही दुखावलं. १९९३ ला मोट सुटली. पश्चिमेत रिफॉर्म पार्टी या नव्या उजव्या पक्षाला ५१ जागा, क्युबेकात ब्लॉक क्युबेक्वाला ५४. सत्ताधारी पक्षाला देशभरात १६ टक्के मतं मिळाली, पण ती विखुरलेली, आणि जागा आल्या २. ब्लॉकची मतं त्याहून कमी, पण सगळी एकाच प्रांतातली. म्हणून देशापासून वेगळं व्हायला निघालेला पक्ष ओटावात अधिकृत विरोधी पक्ष झाला. देश तुटला नाही. उरलेल्या उजव्यांना शहाणपण यायला दहा वर्षं लागली. २००३ मध्ये प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह आणि रिफॉर्मचा वारसदार पक्ष असे दोन्ही गट एकत्र आले, तोच आजचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष.

प्रादेशिक पक्ष म्हणजे देशाला धोका, असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. राग असतोच, तो संसदेत बसून बोलला तर सरकारला ऐकावा लागतो.

प्रांतातला आणि केंद्रातला पक्ष वेगळा असण्याला एनडीपी मात्र इतकी वर्षं अपवाद होती: प्रांतातलं सदस्यत्व घेतलं की केंद्रातलं आपोआप मिळायचं. २०२५ मध्ये आल्बर्टाच्या एनडीपीनं ठराव करून तेही ऐच्छिक केलं. आपल्या राष्ट्रीय पक्षांच्या महाराष्ट्रातल्या शाखांनी निदान आपले उमेदवार तरी इथेच ठरवू, एवढा ठराव करून दाखवावा, असं मला मनापासून वाटतं.