राईट क्लिक मेनू मराठीत, आठवडा तिसरा

तर मंडळी, जेपीजी फाईलवर राईट क्लिक केलं की आता "फॉर्मचा फोटो" आणि "फॉर्मची सही" असे दोन ऑप्शन येतात, फाईल फॉर्मला लागेल त्या साईजची करून देणारे, चक्क मराठीत, आणि काल ताईने मला न विचारता वापरले, जाम आनंद झाला. ती बँकेच्या परीक्षा देतेय, आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी लागतो, सही १४० बाय ६०, १० ते २० केबी. दरवेळी कुठल्यातरी वेबसाईटवर टाकून साईज कमी करून घ्यायची हे मला पटतच नव्हतं, आपली सही अनोळखी ठिकाणी का म्हणून द्यायची.

नवीन येणाऱ्यांसाठी आधीचं थोडक्यात. विंडोज ११ मध्ये रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) घातलेला ऑप्शन पहिल्या छोट्या मेनूत दिसत नाही, "शो मोअर ऑप्शन्स"मध्ये जातो. म्हणून ८६सीए१एए० ने सुरू होणारी सीएलएसआयडी की (लांबलचक ओळख क्रमांकाची रजिस्ट्रीतली नोंद) करंट युजरखाली, म्हणजे फक्त माझ्या लॉगिनच्या भागात बनवली, तिच्या आत इनप्रॉकसर्व्हर३२ नावाची की, आणि त्याची डिफॉल्ट व्हॅल्यू उघडून रिकामीच ओके केली (नुसती "नॉट सेट" ठेवली तर काम होत नाही), एक्सप्लोरर रिस्टार्ट केला, जुना मेनू हजर.

माझे ऑप्शन पण करंट युजरमध्येच आहेत, सॉफ्टवेअर, क्लासेस, सिस्टिमफाईलअसोसिएशन्स, डॉट जेपीजी, शेल. ॲडमिन लागत नाही आणि घरातल्या दुसऱ्या लॉगिनला धक्का नाही. व्हॉट्सॲपवरून उतरवलेले फोटो डॉट जेपीईजी असतात, त्याला वेगळी की करावी लागली.

मराठी नावाने मात्र एक अख्खी संध्याकाळ खाल्ली. रेग फाईल (डबल क्लिक केलं की रजिस्ट्रीत नोंदी घालणारी) नोटपॅडमध्ये लिहिली, डबल क्लिक केलं, मेनूत बघतो तर डोक्यावर रेघा काढलेली रोमन अक्षरं. नोटपॅड आता आपोआप यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) सेव्ह करतो आणि रेग फाईलला मराठीसाठी यूटीएफ-१६ एलई लागतं, सेव्ह ॲजमध्ये खालचं एन्कोडिंग बदललं आणि लगेच "फॉर्मचा फोटो" स्वच्छ दिसलं, वेलांटी काना सगळं जागच्या जागी.

पडद्यामागे काम इमेजमॅजिक हा कमांडने फोटो बदलणारा प्रोग्राम करतो, मी एका बॅच फाईलमधून (कमांड लिहिलेली फाईल) त्याला हाक मारतो कारण थेट टक्का-१ (%1, म्हणजे क्लिक केलेल्या फाईलचा पाथ) दिलं की नवीन फाईलचं नाव डॉट जेपीजी डॉट जेपीजी असं होतं, बॅचमध्ये टक्का-टिल्ड-डीपीएन-१ (%~dpn1) लिहिलं की एक्स्टेन्शन सोडून नाव मिळतं. टक्का-१ ला डबल कोट घालाच, फोल्डरच्या नावात स्पेस असली की त्याशिवाय पाथ तुटतो.

आता खरी गंमत. पहिला फोटो आला तर ताईच्या दोन्ही बाजूला बारीक पांढऱ्या पट्ट्या. मोबाईलचा उभा फोटो ३ बाय ४, तो पूर्ण चौकट भरून वर-खाली कापला जावा म्हणून रिसाईजच्या आकड्यापुढे कॅरेट (^) लावलं होतं, पण बॅच फाईलमध्ये कॅरेट हे एस्केपचं चिन्ह (पुढचं अक्षर जसंच्या तसं घ्या असं सांगणारं), ते सीएमडीने, म्हणजे बॅच फाईल चालवणाऱ्या प्रोग्रामने मधल्यामध्ये गिळलं, मग फोटो चौकटीत बसवला गेला आणि उरलेली जागा एक्स्टेंटने (चौकटीचा आकार ठरवणारा इमेजमॅजिकचा ऑप्शन) पांढरी भरली. आकडा कॅरेटसकट कोटात टाकला, पट्ट्या गायब!!

केबीसाठी जेपीईजी एक्स्टेंट (हा वेगळा, फाईलच्या केबीचा ऑप्शन) ४८ केबी ठेवलंय, पण लक्षात घ्या ती फक्त वरची मर्यादा आहे. सहीला तेच नडलं, १४० बाय ६० मध्ये फाईल ६ केबीचीच झाली, ताई म्हणाली "अरे, हे दहाच्या खाली आहे, फॉर्म घेणार नाही." सूचना परत नीट वाचल्या, तो आकार प्रेफर्ड म्हणून दिलाय, मग त्याच प्रमाणात २८० बाय १२० केला, एक्स्टेंट १९ केबी, सही १४ केबीची आली आणि अपलोड झाली.

क्लिक केल्यावर काळी विंडो क्षणभर चमकून जाते ती अजून राहिलीय, पुढच्या आठवड्यात डब्ल्यूस्क्रिप्टमधून (विंडोजमधला, काळी विंडो न उघडता स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) चालवून बघतो.