आडवं पडून उभा केलेला धंदा

आमच्या कामात माणसाला उभं राहता येत नाही. सकाळी आठला पोटावर आडवं व्हायचं, ते जेवायच्या सुट्टीलाच बाहेर यायचं. नॉर्थ कॅरोलायनातल्या बऱ्याच घरांना आपल्यासारखं मुरूम भरून केलेलं जोतं नसतं. चारी बाजूंनी ब्लॉकची बुटकी भिंत, मध्ये खांब, त्यावर लाकडी वासे आणि वाशांवर घर. खाली दोन-तीन फुटांची पोकळी राहते, तिला क्रॉलस्पेस म्हणतात. रांगत जायची जागा. आई पहिल्यांदा आमच्याकडे कॅरीला आली, तेव्हा मी तिला ते बुटकं दार उघडून आतला अंधार दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे घर अधांतरीच आहे की रे तुझं!"

त्या पोकळीतून घर गरम-थंड करणाऱ्या हवेच्या नळ्या जातात. त्या नळ्यांना डक्ट म्हणतात. डक्टमधली गळती बुजवायची आणि वर इन्सुलेशन, म्हणजे ऊब-गारवा टिकवणारं आवरण, चढवायचं, एवढाच आमचा धंदा. दोन व्हॅन, सहा माणसं आणि हिशेब बघणारी माझी बायको.

मी साताऱ्याकडचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि मग सगळे करत होते म्हणून सॉफ्टवेअर. २००९ च्या मंदीत नोकरी गेली. ग्रीन कार्ड आधीच हातात होतं, म्हणून गाशा गुंडाळावा लागला नाही. घरी बसलेल्या माणसाला घरातल्या सगळ्या कटकटी दिसू लागतात. आमची टोकाची खोली हिवाळ्यात गारठलेली असायची आणि उन्हाळ्यात तिला ओल्या गोणपाटासारखा वास यायचा. दोन ठिकाणची माणसं येऊन बघून गेली. दोघांनीही नव्या मशीनचा भाव सांगितला, खाली वाकून कुणी पाहिलं नाही. शेवटी एका रविवारी जुनी पँट चढवून, टॉर्च घेऊन मीच आत शिरलो.

टोकाच्या खोलीकडे जाणारी डक्ट जोडावरून निसटून मातीवर पडली होती. आख्खा हिवाळा आम्ही पैसे भरून गांडुळांना ऊब देत होतो. परतीच्या डक्टला, म्हणजे जिच्यातून घरातली हवा पुन्हा मशीनकडे ओढली जाते तिला, बोट जाईल एवढी फट होती. ती फट खालची दमट, बुरशीची हवा ओढून वर खोल्यांत सोडत होती. वासाचं कोडं तिथे सुटलं. जोडांवरच्या कापडी टेपचे पोपडे झाले होते. जिच्या नावातच डक्ट आहे ती टेप डक्टवर टिकत नाही, हे बर्कलीच्या लॉरेन्स प्रयोगशाळेने १९९८ मध्ये वेगवेगळ्या टेप तापवून-थंडावून सिद्ध केलं होतं. दुकानात मात्र ती आजही दर्शनी फळीवर असते.

गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या पंगतीत ही गोष्ट रंगवून सांगितली, आणि प्रसादाबरोबर पहिली पाच गिऱ्हाइकं मिळाली. "आपलेच आहोत, जरा बघून घ्या" म्हणजे फुकट, हे समजायला वर्ष गेलं. २०११ मध्ये रीतसर नोंदणी केली. नवी डक्ट टाकायला या राज्यात हीटिंगचा परवाना लागतो. तो माझ्याकडे नव्हता, म्हणून पहिली तीन वर्षं एका परवानाधारक कंत्राटदाराच्या हाताखाली काढली. तिथेच मला माझा सोबती भेटला. तो ग्वातेमालाचा, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. त्याच्याकडून मी कामापुरतं स्पॅनिश शिकलो. त्याने माझ्याकडून उचललेला पहिला मराठी शब्द 'साप'. इकडे कॉपरहेड नावाचा विषारी साप आहे, वाळलेल्या पानांत मिसळून जाणाऱ्या रंगाचा. अंधारात कोणत्या भाषेत ओरडायचं यावर चर्चा करायला वेळ नसतो.

आता २०१४ च्या कामाबद्दल सांगतो. बाकी सगळी वर्षं एका बाजूला आणि तो जुलै एका बाजूला.

डरममधलं १९६० च्या दशकातलं घर, वर सुंदर ओक लाकडाची जमीन, मालकीण निवृत्त शिक्षिका. खाली पत्र्याची मुख्य डक्ट उघडीच होती. आम्ही एप्रिलमध्ये तिच्यावर फॉइल लावलेलं फायबरग्लास, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, गुंडाळलं. दिसायला चकचकीत, फोटो काढण्यासारखं काम. जुलैत बाईंचा फोन आला, "तुमच्या नळ्यांना घाम आलाय आणि माझ्या जमिनीच्या फळ्यांच्या कडा वर उचलल्यात."

खाली गेलो. फॉइलला हात लावला तर आतून पाणी डबडबलं. चूक आमची होती आणि सरळ होती. एसी चालू असताना डक्टमधली हवा साधारण १३ अंश सेल्सिअस असते. आमच्या भागात जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू २१ अंशांच्या वर जातो, म्हणजे तेवढ्या किंवा त्याहून गार पृष्ठभागाला ती हवा टेकली की पाणी सुटणारच. फॉइलचं काम त्या हवेला पत्र्यापर्यंत पोचू न देणं. आम्ही फॉइलच्या शिवणी धुळीवरच, स्वस्त टेपने चिकटवल्या होत्या. त्या उकलल्या. दमट हवा आत शिरली, गार पत्र्यावर पाणी झालं आणि लोकरीत मुरत गेलं. आधी उघड्या पत्र्यावरचं पाणी निदान खाली टपकून वाळत तरी होतं. आम्ही त्याला मुरायला जागा करून दिली. आई लुगड्यांच्या गोधड्या शिवायची. ओली गोधडी पांघरण्यापेक्षा उघडं झोपलेलं बरं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी हा घोळ घातला.

सगळं उचकटून काढलं. मी आणि सोबती दोघेच, अकरा दिवस, स्वखर्चाने. बाई रोज दुपारी बर्फ घातलेला चहा द्यायच्या. ग्लासच्या बाहेरून थेंब ओघळायचे. तिसऱ्या दिवशी सोबत्याने ग्लास माझ्यासमोर धरला आणि काही बोलला नाही. त्या बाईंनी पुढे आम्हाला चार गिऱ्हाइकं पाठवली, त्यातलं एक तर त्यांच्या बहिणीचं.

तेव्हापासून कामाचा क्रम ठरला तो ठरला. आधी जोड घासून-पुसून स्वच्छ करायचे. मग मॅस्टिक, म्हणजे श्रीखंडासारखी घट्ट लुकण, नाण्याएवढ्या जाडीने ब्रशने भरायची. फट मोठी असेल तर खाली जाळीची पट्टी. डक्टचं तोंड जिथे घराच्या फळीत बसतं तिथली फट बहुतेक जण विसरतात, आम्ही ती सगळ्यात आधी बघतो. लुकण वाळली की मोजणी. मगच इन्सुलेशन, तेही न आवळता. लोकर दाबली की तिच्यातली हवा जाते आणि ऊब त्या हवेतच असते. आमच्या एका नव्या मुलाने वळणावर पट्टा इतका करकचून बांधला होता की आर-८ ची (हा आकडा म्हणजे इन्सुलेशन उष्णता किती अडवतं त्याचं माप) डक्ट तिथे नावापुरतीच उरली. लवचीक डक्टला पट्टा दीड इंच तरी रुंद लागतो आणि दर चार फुटांना एक. नाहीतर ती झोळीसारखी लोंबते आणि वाकलेल्या जागी हवा अडते.

मोजणीचं यंत्र आम्ही २०१५ च्या वसंतात घेतलं. यंत्र म्हणजे काय, तर एक मोजणारा पंखा. खोल्यांतल्या सगळ्या जाळ्या चिकटपट्टीने बंद करायच्या, पंखा डक्टला जोडायचा आणि २५ पास्कल दाब टिकवायला मिनिटाला किती घनफूट हवा ढकलावी लागते ते वाचायचं. जेवढी ढकलावी लागते तेवढी गळती. बायकोने किंमत ऐकून हिशेबाची वही मिटली होती. पण धंदा खऱ्या अर्थाने वळला तो त्या पंख्यामुळे. अमेरिकी सरकारच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाच्या मते साधारण घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळतीत जाते. हे वाक्य गिऱ्हाइकाला सांगितलं तर तो मान डोलावतो. त्याच्याच घराचा आधीचा आणि नंतरचा आकडा कागदावर लिहून दिला, की तो शेजाऱ्याला दाखवायला घेऊन जातो.

काही कामं आम्ही घेत नाही. जुन्या डक्टच्या जोडांवर पांढरी, कागदासारखी पट्टी दिसली की हात मागे. त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक खनिज तंतू, असू शकतो. आधी नमुना तपासून आणा, मग बोलू. २०१८ मध्ये फ्लोरेन्स वादळानंतर पूर्वेकडे पुरात बुडालेल्या घरांचे फोन येत होते. पैसा होता. पण लोकांना भिजलेल्या डक्ट वाळवून हव्या होत्या, आणि पुराचं पाणी प्यायलेलं फायबरग्लास वाळवून वापरायची गोष्ट नाही, ते फेकायचंच. दोन घरं केली, तिसऱ्या ठिकाणी वाद झाला आणि परत आलो.

दुसरी एक गोष्ट सांगितल्यामुळे आमचं नुकसानच होतं, तरी सांगतो. काही घरांना आमची गरज कमी असते. रॅलेच्या ॲडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेने प्रिन्सव्हिल गावात १२ घरांवर प्रयोग केला होता. काहींची क्रॉलस्पेस नेहमीसारखी झरोक्यांची ठेवली, बाकीच्यांचे झरोके बुजवून जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरलं आणि आतली हवा कोरडी राखली. बंद केलेल्या घरांत गरम-थंड करायला लागणारी वीज १५ टक्के किंवा त्याहूनही जास्त वाचली. वारा खेळला की ओल जाते, हा आपला अनुभव कोकणातल्या भाताच्या कोठारापासूनचा. इथे उन्हाळ्यात झरोक्यातून येणारा वाराच ओल घेऊन येतो. असं घर बंद केलं की डक्ट कोरड्या जागेत येतात. गळती तरीही बुजवावीच लागते, पण वरच्या इन्सुलेशनची निकड पूर्वीइतकी राहत नाही. हे ऐकून काही जण क्रॉलस्पेस बंद करायचं काम दुसऱ्यालाच देतात. देऊ देत.

सध्या सोबती भागीदार आहे, आणि परवाना आता त्याच्या नावावर आहे. परीक्षा त्याने दुसऱ्या फटक्यात काढली. माझी दोनदा हुकली, हे घरात कुणी विसरू देत नाही. त्याची मुलगी व्हॅनवर नावाची अक्षरं रंगवते. माझा मुलगा विचारतो, "बाबा, तुम्ही नक्की काय करता?" शाळेतल्या फॉर्मवर तो 'इंजिनिअर' लिहितो.

क्रॉलस्पेसच्या भिंतीतलं दार नियमाने कमीत कमी १६ बाय २४ इंचाचं असावं लागतं. २०११ मध्ये मी त्यातून हातात डबा घेऊन सरकायचो. मागच्या महिन्यात एका घरी खांद्यापर्यंत आत गेलो आणि पुढे पोट अडकलं. पाय बाहेर, तोंड आत, समोर मिणमिणता टॉर्च आणि मागे माझे बूट धरून हसणारा सोबती. त्याने ओढून काढलं. पुढच्या सोमवारी गार्नरला काम आहे, फोटोत वासे जमिनीपासून जेमतेम १८ इंचांवर दिसतात. आत तो जाणार. मी बाहेर गवतावर बसून आकडे लिहून घेणार आणि 'साप' ऐकू आलं तर दार मोकळं ठेवणार.