सगळे दिवे हिरवे आणि दिशा चुकलेली

इंटेलिजन्सची उपकरणं सांभाळतो म्हटलं की लोकांना वाटतं आम्हाला सगळी गुपितं कळतात. आम्हाला कळतं की फिल्टरमध्ये धूळ बसली, जनरेटरचं अर्थिंग ढिलं आहे, आणि बिघडलेली हार्डडिस्क दुरुस्तीला बाहेर जात नाही, तिची नोंद होते आणि ती नष्ट होते. रिसीव्हर कोणाचं ऐकतोय हे आम्ही विचारत नाही.

ही केस डायरेक्शन फाइंडरची, म्हणजे रेडिओ सिग्नल कुठल्या दिशेने येतो ते सांगणारं यंत्र. ऑपरेटर पोरगा सारखा म्हणत होता की बेअरिंग, म्हणजे यंत्राने अंशांत दाखवलेली दिशा, चुकतंय, वरचे साहेब म्हणाले सेल्फ टेस्ट, म्हणजे यंत्राने स्वतःची केलेली तपासणी, पास आहे ना, मग ऑपरेटरला नीट शिकवा. टेस्ट खरंच पास होत होती, सगळे दिवे हिरवे. मी त्या पोराशेजारी बसलो तेव्हा तो म्हणाला, "खालच्या फ्रिक्वेन्सीला बरोबर येतं हो, वर गेलं की सरकतं." एवढं नेमकं कोणी सांगितलं की अर्धं काम झालं, पण त्याला आधी कोणी विचारलंच नव्हतं.

मास्टवर, म्हणजे उंच खांबावर, अँटेना अनेक असतात, प्रत्येकाकडून केबल खाली येते आणि सिग्नल कुठल्या अँटेनाला किती आधी पोचला, म्हणजे फेजमधला फरक, त्यावरून दिशा काढतात. म्हणून या केबल्स सेटमध्येच येतात, विद्युत लांबी जुळवलेल्या, म्हणजे प्रत्येकीतून सिग्नलला सारखाच वेळ लागेल अशा. ४०० मेगाहर्ट्झला साध्या कोअॅक्समधली, म्हणजे अँटेनाच्या नेहमीच्या केबलमधली, तरंगलांबी साधारण ५० सेंटिमीटर, त्यामुळे एक केबल ३ सेंटिमीटर जास्त असली तर फेज २० अंशांच्या वर सरकते. ४० मेगाहर्ट्झला तेच जेमतेम २ अंश. आणि आमच्या यंत्राची सेल्फ टेस्ट सिग्नल सोडते रिसीव्हरच्या तोंडाशी, मास्टच्या केबल्स त्या वर्तुळाच्या बाहेर! ती पास होणारच.

मास्ट खाली घेतला, केबल्स एकेक करून नेटवर्क अॅनालायझरला, म्हणजे केबलमधली फेज मोजणाऱ्या यंत्राला, लावल्या. चौथी निघाली वेगळी. दिसायला तीच जाडी, तेच कनेक्टर, घट्टही व्यवस्थित केलेले, फक्त सेटचा नंबर असलेली पट्टी नाही. कोणीतरी तुटलेली केबल काढून स्टोअरमधली साधी लावली होती आणि लॉगबुकात एक ओळ नाही. ट्रेनिंगमध्ये मॉड्यूल बदला, टेस्ट चालवा, हिरवं आलं की सही करा, हेच इतकं घोटून घेतात की टेस्ट काय तपासत नाही हे कोणी शिकवतच नाही, आणि याचा मला खरंच राग येतो.

केबल्सचा नवा सेट लावला, ओळखीच्या ठिकाणच्या ट्रान्समीटरवर खालपासून वरपर्यंत सगळ्या फ्रिक्वेन्सी तपासल्या, बेअरिंग जागेवर आलं.

पण ५ अंशांची चूक म्हणजे १० किलोमीटरवर पावणेनऊशे मीटर. तेवढ्यात एक टेकडी सोडून दुसरी येते. विश्लेषण करणाऱ्यांनी मला एवढंच विचारलं की कधीपासून चुकतंय, कोणत्या तारखेपासूनची बेअरिंग बाद करायची. तारीख लॉगबुकातच नव्हती, आणि केबल बदलणारा कोण ते अजून कोणी पुढे येऊन सांगितलेलं नाही. मी लेखी दिलंय की शेवटच्या नोंदवलेल्या कॅलिब्रेशननंतरचं, म्हणजे यंत्र शेवटचं पडताळून जुळवलं त्यानंतरचं, सगळंच संशयास्पद धरा. त्यात चांगली बेअरिंगही बाद होणार, माहितीये मला.